पार्लरच्या दोन फेऱ्यांमधले साठ दिवस

पार्लरच्या खुर्चीत बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘किती ड्राय झालेत गं केस! लावतेस तरी काय?’ मुलग्यांसाठी त्याची वेगळी आवृत्ती असते, ‘भाऊ, पुढून पातळ व्हायला लागलेत हां.’ गळ्याभोवती काळं कापड गुंडाळलेलं, समोर भलामोठा आरसा, डोक्यावर पांढराफटक उजेड. अशा अवस्थेत कुणाचेही केस चांगले दिसत नाहीत. तुम्ही काहीतरी पुटपुटता, आणि पुढच्या मिनिटाला हेअर स्पा, केरॅटिन, हेअर बोटॉक्स असं मेन्यूकार्ड उघडतं. गेलेले असता साध्या कटसाठी. बाहेर पडता तेव्हा महिन्याच्या मेसचे पैसे गेलेले असतात आणि हातात एक शॅम्पूची बाटली असते, ‘हाच वापरायचा, दुसरा लावलात तर ट्रीटमेंट निघून जाईल’ या धमकीसकट.

माझं म्हणणं साधं आहे. हेअरकटवर पैसे खर्च करा, बिनधास्त करा. चांगला कट हे कसब आहे, ते करणारा माणूस वर्षानुवर्षं उभा राहून शिकलेला असतो आणि ते यूट्यूब बघून घरी जमत नाही. लॉकडाऊनमध्ये ज्यांनी स्वतःच्या बटा कापल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण ट्रीटमेंट नावाखाली जे विकलं जातं, त्यातल्या बहुतेक गोष्टींची विशीतल्या डोक्याला गरज नसते. दोन महिन्यांतून दोन तास तुम्ही त्या खुर्चीत असता. उरलेले साठ दिवस केस तुमच्या ताब्यात असतात, हॉस्टेलच्या बादलीत, लोकलच्या गर्दीत, हेल्मेटच्या आत. केसांचं बरंवाईट तिथे ठरतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बाहेर दिसणारा केस मेलेला असतो. खरंच. जिवंत काय ते टाळूच्या आत, केसाच्या मुळाशी. तिथे पेशी तयार होतात, त्यांच्यात केरॅटिन नावाचं प्रथिन भरतं आणि मग तो धागा वर ढकलला जातो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर सव्वा. म्हणजे तुमचे केस चाळीस सेंटिमीटर लांब असतील, तर त्यांची टोकं जवळपास सव्वातीन वर्षांची आहेत. दहावीच्या बोर्डाच्या सुमारास टाळूतून बाहेर आलेला केस तुम्ही आज एस.वाय.ला मिरवताय. त्याने एवढी उन्हं, एवढे कंगवे आणि मावसबहिणीच्या लग्नातला तो कर्लिंग आयर्न पाहिलाय, की टोकाला फाटे फुटले तर त्यात नवल काय? मेलेला धागा ‘रिपेअर’ होत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो, फुटलेलं टोक कात्रीनेच जातं. आणि टोकं कापल्याने केस भराभर वाढतात हेही खरं नाही, कारण टोकाला काय चाललंय याची मुळाला खबरच नसते. कापायचं ते फाटा वर सरकू नये म्हणून.

आता त्या मेन्यूकार्डाकडे वळू, कारण खरी भानगड तिथे आहे.

केसांच्या आत प्रथिनांचे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी बांधलेले असतात. केस सरळ, वळणदार की कुरळे, यात या बंधांचा मोठा वाटा असतो. रीबाँडिंग किंवा स्मूदनिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारखं रसायन लावून हे बंध तोडतात, केस इस्त्रीने सरळ करतात आणि दुसरं रसायन लावून बंध नव्या जागी जोडतात. सगळे बंध काही परत जोडले जात नाहीत, म्हणून केस आधीपेक्षा कमजोर होतो. एवढं सगळं झालं तरी मूळ तुमचंच असतं. पुढच्या महिन्यात एक सेंटिमीटर वळणदार केस खालून डोकं वर काढतो. सहा महिन्यांत वर लाटा आणि खाली पट्टी असा नमुना तयार होतो. मग ‘टच अप’. त्यातून आलेल्या कोरडेपणासाठी स्पा. स्पा टिकावा म्हणून सीरम. हे चक्र नीट बघा. पहिल्या खर्चाने जो प्रॉब्लेम तयार झाला, तो सोडवायला दुसरा खर्च आहे.

केरॅटिनचं प्रकरण याहून गंभीर आहे. नाव ऐकून वाटतं, केसांना प्रथिन ‘पाजतात’. प्रत्यक्षात केस गुळगुळीत राहतात ते बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडमुळे, किंवा तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या पदार्थांमुळे. इस्त्री दोनशे अंशांच्या पुढे जाते आणि त्यातून डोळे चुरचुरवणारा धूर निघतो. ‘सहन कर दोन मिनिटं’ म्हणतात ना, तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. लेबलवर ‘मेथिलीन ग्लायकॉल’ लिहिलं असेल तरी फसू नका, पाण्यात विरघळलेल्या फॉर्मल्डिहाइडचंच ते नाव आहे.

‘आमचं फॉर्मल्डिहाइड फ्री आहे’ असं सांगून जे वापरतात, त्यात बरेचदा ग्लायऑक्झिलिक अॅसिड असतं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीची केस छापली. तिने तीन वेळा असं हेअर स्ट्रेटनिंग करून घेतलं आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीवर परिणाम झाला. ट्रीटमेंटच्या वेळी टाळूला आग, नंतर उलट्या, ताप, पाठदुखी. किडनी सावरली, पण डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांवर लावून पाहिलं तेव्हा त्यांच्याही किडनीत ऑक्झलेटचे खडे दिसले. आता केरॅटिन केलेल्या प्रत्येकीची किडनी जाणार, असं कुणी म्हणत नाहीये. मैत्रिणीला लगेच फॉरवर्ड करून घाबरवू नका. पण कॉलेज डेला चार तास केस चमकावेत म्हणून डोक्याला काय लावलं जातंय, हे आपल्याला माहीत नसावं? जेवायला गेल्यावर मॅगीच्या पाकिटावरची एक्स्पायरी डेट बघणारी पिढी आपली.

याच धुराची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. तुम्ही तो वर्षातून एकदा घेता. तुमच्या डोक्यावर इस्त्री फिरवणारी मुलगी तो रोज घेते. ती बहुतेकदा तुमच्याच वयाची असते. एसीसाठी खिडक्या बंद, तोंडावर साधा मास्क, दिवसाला तीन-तीन क्लायंट. ग्लॅमरच्या या धंद्यात सगळ्यात स्वस्त कुणाचं फुफ्फुस असेल, तर ते तिचं.

बरं, मग घरी करायचं काय? इथे इन्स्टाग्राम तुम्हाला अठरा पायऱ्या सांगेल. तेवढी गरज नाही.

धुण्यापासून सुरुवात करू. शॅम्पू टाळूसाठी असतो आणि कंडिशनर केसांच्या लांबीसाठी. आपण नेमकं उलट करतो. केसांचा गोळा डोक्यावर घेऊन कपड्यासारखा चोळतो आणि टाळू तशीच राहते. बोटांच्या पेरांनी टाळू चोळा, नखांनी नको. खाली ओघळणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर कानाच्या खाली. आठवड्यातून किती वेळा धुवायचे, हा प्रश्न लोक अशा गांभीर्याने विचारतात जणू त्याचा शासन निर्णय निघाला आहे. टाळू तेलकट वाटली की धुवा. मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या घामात दिवसाआड लागेल. नागपूरच्या कोरड्या थंडीत आठवड्याला दोनदाही चालेल. रोज धुतल्याने केस गळतात, ही समजूत आहे. न्हाताना हातात येणारे केस आधीच मुळापासून सुटलेले असतात, तुम्ही चार दिवस धुतलं नाही तर चार दिवसांचे एकदम येतात, एवढंच.

जाता जाता, ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्याकडच्याच ‘चंपी’च्या कुळातला. पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमेद नावाच्या माणसाने इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढलं आणि तिथे लोकांना चंपी करून दिली. पुढे राजा चौथा जॉर्ज याचा ‘शॅम्पूइंग सर्जन’ म्हणून तो मिरवला. म्हणजे शॅम्पू मुळात डोकं चोळण्याचं नाव होतं, बाटलीचं नव्हे.

ओले केस ताणले जातात आणि पटकन तुटतात. त्यामुळे टॉवेलने खसाखसा पुसणं आणि लगेच बारीक कंगवा घालणं, हे दोन्ही बंद. जुना सुती टी-शर्ट टॉवेलपेक्षा बरा. मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि गुंता खालून वर सोडवत या, कंडिशनर लावलेला असतानाच केलं तर अजून सोपं. सकाळी साडेसातचं प्रॅक्टिकल असताना ओल्या केसांची वेणी घालून पळणाऱ्यांनो, रात्री न्हा. अर्धे ओले केस इस्त्रीत घालणं तर सगळ्यात वाईट. पाणी शंभर अंशाला उकळतं आणि तुमची इस्त्री असते एकशेऐंशीवर. केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते, बाहेर पडायला जागा नसते, मग केसातच बुडबुडे होऊन तो तिथे तुटतो.

आता तेल. या विषयावर घराघरांत दोन पक्ष आहेत. आजी आणि आई म्हणतात, तेल न लावल्यानेच सगळं झालंय. रील्स म्हणतात, तेल म्हणजे अंधश्रद्धा. दोघांचंही अर्धं बरोबर.

खोबरेल तेलाबाबत आजीकडे पुरावा आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं, बाकीची बरीच तेलं वरवर राहतात. २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना होती. केसातून प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. अर्थात ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगून ठेवायला हवं. तर न्हाण्याआधी तास-दोन तास केसांच्या लांबीला खोबरेल लावणं ही चांगली सवय आहे. पाणी शिरून केस फुगतो, सुकून आकसतो, या झिजेपासून ते वाचवतं.

पण तेलाने केस उगवत नाहीत. मुळाला पोषण रक्तातून मिळतं, बाटलीतून नाही. आणि डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल थापून झोपणं म्हणजे चोराला घराची किल्ली देणं. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती सगळ्यांच्या टाळूवर राहते आणि तिचं खाणंच मुळी तेल. ‘कोरडेपणामुळे कोंडा झालाय, तेल लाव’ हा आपल्याकडचा सर्वात लोकप्रिय आणि बऱ्याचदा चुकलेला सल्ला आहे. कोंड्याला अँटी-डँड्रफ शॅम्पू लागतो. केटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन असे घटक त्यात असतात. तो डोक्यावर तीन ते पाच मिनिटं राहू द्यायचा, मग धुवायचा. लावला आणि लगेच ओतला पाण्यात, तर काम कधी करणार तो? पण हे आईला सांगताना जरा बेताने. तिच्या दृष्टीने तेल हे औषध नसतं, रविवार सकाळची अर्धा तासाची तुमची भेट असते. तेवढ्यासाठी लावून घ्या आणि दुपारी न्हा.

घरगुती हॅक्सबद्दल थोडक्यात. बेकिंग सोडा डोक्याला लावू नका. टाळू किंचित आम्लधर्मी असते, सोडा उलट बाजूचा, केसावरचे खवले त्याने उघडे पडतात. कांद्याचा रस जिकडेतिकडे फिरतोय तो २००२ मधल्या इराकी डॉक्टरांच्या एका छोट्या अभ्यासामुळे. तो होता चाई पडलेल्या रुग्णांवर, साध्या केसगळतीवर नाही. शिवाय हॉस्टेलच्या रूममध्ये कांद्याचा रस लावून बसलात, तर रूममेट मैत्री तोडेल ते वेगळं. लिंबू डोक्यावर चोळून उन्हात जाऊ नका, त्याची जागा पोह्यांवर आहे. त्यावर पुढे येतेच. आणि झटपट काळा रंग देणारी ‘काळी मेंदी’ हर्बल म्हणून घेण्याआधी पाकीट वाचा. पानाची मेंदी काळी रंगत नाही, लालसर रंगते. काळा रंग येतो तो पीपीडी नावाच्या रसायनाने, आणि त्याची अॅलर्जी आली तर डोळे मिटेपर्यंत चेहरा सुजतो. कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा लावून ४८ तास वाट बघणं कंटाळवाणं आहे, पण गॅदरिंगच्या दिवशी सुजलेलं तोंड त्याहून कंटाळवाणं.

हॉस्टेल आणि पीजीवाल्यांची मुख्य तक्रार असते पाण्याची. ‘घरी होते तोवर केस मस्त होते, पुण्याला आले आणि वाट लागली.’ यात तथ्य आहे, पण वाटतं तसं नाही. धरणाचं नळाचं पाणी सहसा मऊ असतं. शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांत टँकर आणि बोअरवेलचं पाणी येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. ओळखायला लॅब नको. साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरा थर बसतो, हीटरच्या कॉइलवर खडूसारखा लेप चढतो. तोच लेप थोडाथोडा केसांवर बसतो. केस राठ होतात, गुंततात, मध्येच तुटतात. मात्र क्षाराच्या पाण्याने केस मुळातून गळतात म्हणावं, तर तसं नाही. गळलेला केस उचलून बघा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून आलाय. दोन्ही टोकं नुसतीच असतील तर तुटलाय. तुटत असेल तर उपाय स्वस्त आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा ईडीटीए असलेला क्लॅरिफायिंग शॅम्पू, प्रत्येक वेळी कंडिशनर, आणि शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. हजारो रुपयांचा शॉवर फिल्टर त्यानंतर बघू.

पण केस मुळातून गळत असतील, मूठ-मूठ गळत असतील, तर मग न्हाणीघरातून बाहेर या.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हा हिशेबातला भाग आहे. अचानक त्याच्या दुप्पट-तिप्पट गळायला लागले, तर कालच्या शॅम्पूला शिव्या घालू नका. दोन-तीन महिने मागे जा. तेव्हा डेंग्यू झाला होता का? टायफॉइड? सीईटीच्या दिवसांत झोप उडाली होती? की ‘लग्नाआधी आठ किलो’ म्हणून जेवण सोडलं होतं? शरीरावर मोठा ताण आला की बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. कारण दूर झालं तर साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतं. गंमत अशी, की याच काळात माणूस घाबरून कुठलं तरी महागडं तेल सुरू करतो, केस आपापले परत येतात आणि श्रेय तेलाला मिळतं. जाहिरातीतल्या आधी-नंतरच्या कित्येक फोटोंमागे हेच असणार, असं मला वाटतं.

केस शरीरातल्या बातम्या अशा उशिरा, पण देतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये काय झालं आठवतंय? गावंच्या गावं घाबरली, काही दिवसांत लोकांना टक्कल पडायला लागलं. सोशल मीडियाने ‘टक्कल व्हायरस’ म्हणून मीम्स बनवली. पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. गडबड ताटात होती, बातमी डोक्यावर आली.

तुमच्या ताटात काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली अॅनिमिक आढळल्या. वर्गातल्या दहा मुली मोजा, त्यातल्या सहा. लोह कमी पडलं की शरीर काटकसर सुरू करतं, आणि काटकसरीत पहिला हात पडतो तो केसांवर, कारण केस नसले म्हणून हृदय बंद पडत नाही. अशा मुलीला पार्लरमध्ये ‘हेअर फॉल स्पा’ विकला जातो. तिला गरज असते हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासायची. चिडायला होतं ते इथे.

मेसची डाळ पाणीदार असते, मान्य. पण मुठभर शेंगदाणे, फुटाणे, दोन उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी, हे हॉस्टेलवर जमतं. घरून चिवडा मागवता तसे अळिवाचे लाडू मागवा, त्यात लोह भरपूर असतं आणि आजी खूश होईल. पालेभाजी-पोह्यांवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला त्यातलं क जीवनसत्त्व मदत करतं. हेच ते लिंबाचं काम. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. कटिंग तासाभराने. बायोटिनच्या गुलाबी गोळ्यांचं मात्र कौतुक नको. बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, आणि जास्त डोस चालू असेल तर थायरॉइडच्या रक्त तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. म्हणजे जे कारण सापडायला हवं, तेच लपणार.

प्लेसमेंटचा विषय आला की एक जुनी गोष्ट नव्या कपड्यात येते. ‘प्रोफेशनल लुक’ म्हणजे सरळ केस. इंटरव्ह्यूच्या आधी स्मूदनिंग करून घेणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात. त्यातल्या अनेकींचे केस खराब नसतातच, वळणदार असतात. लहानपणापासून कोरड्या केसांतून बारीक फणी ओढून त्यांचा पिंजारलेला कापूस केलेला असतो आणि सगळं घर म्हणतं, ‘हिचे केस म्हणजे झाडू’. एकदा प्रयोग म्हणून करा. केस ओले असताना कंडिशनर लावूनच विंचरा, धुतल्यावर थोडं लीव्ह-इन किंवा साधं जवसाचं जेल ओल्या केसांत मुठीने दाबून लावा आणि सुकेपर्यंत हात लावू नका. जवस पाण्यात उकळून गरम असतानाच गाळलं की जेल तयार, वीस रुपयांत. कितीतरी जणींना विसाव्या वर्षी कळतं की आपले केस कुरळे आहेत. सॉरी, पण ज्या कंपनीला तुमच्या केसांच्या वळणामुळे तुमचं कोडिंग दिसत नसेल, तिथे केस सरळ करूनही पुढे फार बरं होणार नाही.

मुलग्यांनो, तुम्ही हसत वाचत असाल तर थांबा. दर तीन आठवड्यांनी फेड मारायला जाणारे तुम्हीच. हेल्मेटचं आतलं अस्तर शेवटचं कधी धुतलंत? बऱ्याच हेल्मेट्सचं ते निघतं, हे तरी माहीत आहे का? पुण्याच्या मुलींच्या स्कार्फवर आयुष्यभर जोक मारलेत. तो सुती स्कार्फ केसांना धुळीपासून, उन्हापासून आणि हेल्मेटच्या घासण्यापासून वाचवतो, तुम्हीही पातळ रुमाल बांधा. आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत असतील, तर ते टोपीमुळे नाही की पाण्यामुळे नाही, ती आनुवंशिकता आणि हार्मोन्स आहेत. त्यावर औषधं आहेत. पण मिनॉक्सिडिल मित्राच्या सांगण्यावरून ऑनलाइन मागवू नका. सुरुवातीला त्याने केस उलट जास्त गळू शकतात, आणि बंद केलं की मिळालेलं हळूहळू परत जातं. ते कुणी, किती दिवस लावायचं, हे डॉक्टरला ठरवू द्या.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच ब्युटी पेजवर नसते. उवा. हॉस्टेलमध्ये होतात, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्येही होतात, आणि सगळे जण ‘उष्णतेमुळे खाज येतेय’ म्हणतात. त्याचा स्वच्छतेशी संबंध नाही, डोक्याला डोकं लावून सेल्फी काढण्याशी आहे. मेडिकलमधून परमेथ्रिनचं लोशन आणा, पाकिटावर लिहिलंय तसं लावा, आठवड्याने पुन्हा लावा, कारण लिखा फुटून नवीन उवा येतात. मधल्या दिवसांत ओल्या केसांत कंडिशनर लावून बारीक दातांची फणी फिरवा. आणि रूममेटनाही त्याच दिवशी करायला सांगा. लाज वाटते म्हणून एकटीने गुपचूप केलंत, तर दहा दिवसांत परत येतील.

नाण्याएवढी गोल चकती पडली असेल, टाळूला खपल्या धरून दुखत असेल, केस गळण्याबरोबर पाळी अनियमित असेल किंवा वजन विनाकारण बदलत असेल, तर पार्लर नव्हे, त्वचारोगतज्ज्ञ. खासगी डॉक्टरची फी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाची ओपीडी असते, तिथे केसपेपर अगदी थोड्या पैशांत निघतो. तिथल्या रांगेत तुमच्या वयाचे बरेच जण दिसतील. सकाळी लवकर जा. दोन-तीन महिन्यांत झालेले आजार, घेतलेल्या गोळ्या आणि केलेल्या ट्रीटमेंट्स फोनमध्ये लिहून न्या, ऐन वेळी आठवत नाहीत. आणि त्या दिवशी डोक्याला तेल चोपडून जाऊ नका, डॉक्टरांना टाळू दिसली पाहिजे.